लामिलेच्या नावाची पेटी

ओकाईलेने गोऱ्या सरकारच्या डोळ्यांत मूठभर धूळ फेकली होती, आणि त्याचा तिला तिळमात्र पश्चात्ताप नव्हता. लेक लामिले बाळंत झाल्यावर सहाव्या दिवशी गेली. तिला काय गावाबाहेरच्या त्या नव्या दफनभूमीत, कुठल्या कुठल्या परक्यांच्या रांगेत निजवायची? आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या या अक्रा गावात माणूस घरातच पुरतात, झोपायच्या खोलीत. ओकाईलेची आई तिथे होती, आजी तिथे होती. घरात पुरलेलं माणूस घरातच पुन्हा जन्माला येतं. बाहेर टाकलेलं भटकतं. पण घरात पुरायचं नाही असा कायदा झाला होता, आणि दारात सरकारचा बंदूकवाला शिपाई बसला होता, उत्तरेकडच्या हौसा जमातीचा, परक्या बोलीचा.

"बसू दे मेल्याला," ती धाकट्या भावाला, लान्क्वेला म्हणाली. "तू खण."

अंगणात बायकांनी रडण्याचा असा गलका केला की कुदळीचा आवाज त्यात बुडून गेला. लामिलेला आजीशेजारी निजवली, माती चोपली, वर चटई अंथरली. शवपेटीत केळीचं खोड घातलं, लामिलेच्या कापडात गुंडाळून, आणि खिळे ठोकले. हे फक्त बहीणभावाला ठाऊक.

उन्हं कलायच्या आत चौघांनी पेटी डोक्यावर घेतली. आतलं माणूस कधी कधी वाहणाऱ्यांना ढकलत नेतं, ज्याचा निरोप घ्यायचा त्याच्या दाराशी थांबतं. हे साऱ्या गल्लीला माहीत. ओकाईले मनात म्हणाली, खोड कुणाला ढकलणार? चला, बिनबोभाट आटपेल.

कोपऱ्यावर पेटी थांबली.

"अरे चला की!" लान्क्वे ओरडला.

"आम्ही कुठे थांबलोय!" पुढचा आयिते म्हणाला. त्याची मान घामाने निथळत होती, गुडघे वाकत होते. "मावशी, लेक जड झाली तुमची. जायचं नाही म्हणते."

लेक तर चटईखाली होती. मग हे कोण?

पेटी गर्रकन वळली आणि चौघांना फरफटत माघारी घराकडे निघाली. शिपायाने बंदुकीचा दस्ता आडवा धरला, तर तोच भेलकांडत भिंतीवर आदळला. अंगण ओलांडून पेटी थेट खोलीच्या दारात आली. आत पाळण्यात लामिलेचं सहा दिवसांचं पोर रडत होतं. त्याला अजून नाव नव्हतं. आठव्या दिवशी नाव ठेवीपर्यंत मूल पाहुणाच, कधी उठून जाईल सांगता येत नाही.

पेटीचं टोक पाळण्याच्या दिशेने खाली झुकलं. पोराचं रडणं मध्येच तुटलं. तोंड उघडं तसंच राहिलं, आवाज नाही, श्वास नाही.

"मावशी, आम्ही नाही हो ढकलत!" आयितेला रडू फुटलं.

तेव्हा तिला कळलं. तिकडे दफनभूमीत खड्डा खणला होता, लामिलेच्या नावाने हाक मारून दारू शिंपडली होती, आणि कुणालाच पाठवलं नव्हतं. खड्डा कुणाला तरी नेणारच होता. सर्वांत सोपं होतं ते हे बिननावाचं पोर.

लान्क्वे कानाशी कुजबुजला, "अक्का, लामिलेला काढू या का बाहेर?"

"खबरदार! टेकली आहे ती. आता तिला उठवायची नाही."

ओकाईले पेटी आणि पाळणा यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. तिने लाकडावर हात ठेवला. आत कुणी कूस बदलावी तसं ते हललं. ती बोलली, मोठ्याने, सगळ्यांसमोर. "याला हात लावायचा नाही. मी येईन. मी, ओकाईले. त्याच खड्ड्याच्या शेजारी, त्याच परक्यांत निजेन. पण आज नाही. हे पोर चालू लागू दे, मग ने. ऐकलंस का?"

पेटी एकदम हलकी झाली. चौघं तोंडघशी पडता पडता वाचले. पोराने टाहो फोडला. मग पेटी निमूट निघाली ती थेट दफनभूमीत. शिपायाला यातलं अक्षरही कळलं नाही. माती पडल्यावर त्याने कागदावर खूण केली आणि निघून गेला.

परतताना लान्क्वे हळूच म्हणाला, "अक्का, काळजी करू नकोस. तुझी वेळ आली की तुलाही घरातच ठेवीन. आईच्या उजवीकडे जागा आहे."

"नाही."

"अगं, कोण बघायला येतंय?"

"शब्द दिलाय मी. मोडलास तर ते पुन्हा पोराकडे येईल."

ओकाईले काही पावलं चालली आणि रस्त्यातच मटकन खाली बसली. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच ती ओक्साबोक्शी रडली.

"लामिले वाट बघत राहील रे माझी," ती म्हणाली. "आई वाट बघेल. त्यांना कुणीतरी सांगा, मी येणार नाही म्हणून."