सगुण कंडक्टरचे उपास

"आज सकाळपासून काय खाल्लंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कायच नाय. आज संकष्टी."

"आणि साखरेची गोळी?"

"ती घेतली. औषध उपासाक चालता."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. फोंड्याकडची पोर, नाव हर्षा, वयानं माझ्या सुनेएवढी. पण नजर अशी, की मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

पेडण्याच्या बस स्टँडवर आम्हा निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टरांचा एक बाक आहे. तिथं मी सकाळी व्याख्यान देत होतो. विषय नेहमीचाच: उपासाचे फायदे. पोटाला सुट्टी दिली की शरीर आपली दुरुस्ती आपणच करतं, असं सांगता सांगता मला दरदरून घाम फुटला, हात थरथरले आणि मी बाकावरून खाली गेलो. कृष्णनाथनं, म्हणजे माझ्या जुन्या ड्रायव्हरनं, मला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात आणलं. तिथं आधी ग्लुकोजचं पाणी पाजलं. डोळ्यांपुढचं सगळं परत जागेवर आल्यावर ही चौकशी सुरू झाली.

"दुरुस्ती चालू आसा तेची," कृष्णनाथ मागून म्हणाला. मेल्याला तिथंही चेष्टाच सुचते.

"उपवास वाईट नाही हो काका," बाई म्हणाल्या. "वजन उतरतं, पोट हलकं राहतं, जिभेला लगाम बसतो. माझी आईसुद्धा करते. पण तुमची ही गोळी रक्तातली साखर खाली ओढते. तुम्ही पोटात काही घातलंच नाहीत, तर ती ओढणार कुठवर? आज स्टँडवर पडलात. उद्या घरात एकटे असताना पडलात तर?"

"पडलंय तर पडलंय."

"आठवड्यातून किती उपवास करता?"

सोमवार, गुरुवार, शनिवार. शिवाय एकादशी, संकष्टी, प्रदोष.

"जेवणाचे दिवस विचारा, ते कमी आसत," कृष्णनाथ म्हणाला.

"सगळे बंद," बाई म्हणाल्या.

देवाचं काय होईल, असं माझ्या मनातही आलं नाही, खोटं कशाला बोलू. मला आठवली ती शेजारची संजना.

"सोमवार तेवढो ठेवूया," मी म्हटलं. "बायकोचो आसा." बोलताना आवाज जरा फाटलाच. त्यांना वाटलं, केवढी भक्ती. त्या विरघळल्या. सोमवार चालेल म्हणाल्या, पण सकाळची गोळी त्या दिवशी घ्यायची नाही, आणि दुपारी व्यवस्थित फराळ करायचा. "आणि साबुदाण्याची खिचडी ओरपून त्याला उपवास म्हणू नका. रताळं, ताक, काकडी."

मी मान डोलवली. सोमवार वाचला होता. मला तर नाचत घरी जावंसं वाटलं.

आता हे उपासांचं प्रकरण काय ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा देवभोळा आहे. मी जन्मात उपास केला नव्हता. सोमवारी आमच्याकडे मासे नसतात, सगळं शिवराक, तेवढ्यानंसुद्धा माझं तोंड वाकडं व्हायचं. उपास करायची ती माझी बायको सत्यवती. तिनं सोमवार धरला होता तो शेवटपर्यंत सोडला नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मुलगा अनिल वास्कोला बंदरात नोकरीला. बारावं-तेरावं झालं, पाहुणे गेले, तोही गेला. जायलाच हवं, रजा काय झाडाला लागते?

मग घरात मी आणि भिंती. कंडक्टर माणूस मी. उभं आयुष्य "फुडे सरक, फुडे जागा आसा" असं ओरडण्यात गेलं. दिवसाला बसभर माणसांशी बोलायचो, भांडायचो. आणि आता सकाळी पाववाला पदेर भोंगा वाजवून गेला की दिवसभर दुसऱ्या माणसाचा आवाज नाही. टीव्ही लावला तर तो आपलंच बोलतो, आपलं ऐकत नाही.

एका सोमवारी मला स्वयंपाकाचा असा काही कंटाळा आला, की मी दुपारपर्यंत तसाच बसून राहिलो. शेजारच्या गौरेशची बायको संजना कढीपत्ता मागायला आली. तिनं थंड चूल बघितली.

"काका, जेवण करूक नाय?"

आळस केला म्हणायची लाज वाटली. एकट्याला घास जात नाही म्हणायची त्याहून लाज वाटली. तोंडातून निघून गेलं, "सोमवार धरलंय. सत्यवतीचो."

तिचे डोळे भरले. अर्ध्या तासात ती रताळ्याच्या कापांची वाटी घेऊन आली. मी खाईपर्यंत समोर सोप्यावर बसली. वाटेवर नवीन गतिरोधक केलाय, त्यावर कोण कसं पडलं, ते तिनं रंगवून सांगितलं. मी हसलो. किती दिवसांनी हसलो ते मलाच ठाऊक नाही.

आणि आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. वाटी आली तर वाटीतून काहीतरी गेलं पाहिजे. परसातली आंबट बिंबलं, लिंबू, अबोलीची चार फुलं, काहीही. म्हणजे फराळ घेऊन ती एकदा येणार आणि भांडं द्यायला मी एकदा जाणार. एका उपासात दोन भेटी. मला हा हिशेब कळायला वेळ लागला नाही. पुढच्या महिन्यात मी गुरुवार धरला. मग एकादशी. मग शनिवार. देव वाढत गेले.

गंमत म्हणजे फायदा झालासुद्धा. पोट आत गेलं, गुडघे कुरकुरायचे थांबले, जिना चढताना दम लागेनासा झाला. लोक विचारायला लागले. सूनबाई फोनवर म्हणाली, "बाबा, मी सोळा-सोळा तास उपाशी राहते, तरी माझं वजन हलत नाही. तुमचं गुपित काय?" आता काय सांगणार कपाळ? मोबाइलवर जे काय येतं ते वाचून मी बाकावर बसून ठोकत होतो. खरं गुपित शेजारच्या स्वयंपाकघरात होतं.

असो. दवाखान्यातून आलो, त्या संध्याकाळी गौरेश विचारपूस करायला आला. तो औषधांच्या कारखान्यात जातो, सरळ पोरगा. मी त्याला सांगितलं, सगळे उपास बंद, फक्त सोमवार राहिला.

"बरां झाला," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "काका, एक सांगू? राग मानू नको."

"सांग मरे."

"संजनाक विमानतळार काम गावलाहा, म्हयनो झालो. तिका ते सकाळची कायमची पाळी देतत. घेतल्यान तर मेल्यांची गाडी दारात येता, दारात सोडता. पण ती नको म्हणता. दुपारच्या पाळयेक जाता आणि रातची माझ्या स्कूटरीची वाट बघीत रवता."

"नको कित्याक?"

"काकाचो उपास आसता, तेका फराळ कोण करतलो, म्हणता. आता एकच सोमवार रवलो म्हणजे बघूया, सोमवारची रजा मागून घेयत ती."

मी म्हटलं, "पण तुमच्यातलोच फराळ ना तो? तुमी करतास, तेतलोच."

गौरेश हसला. "आमच्यात उपास कोण करता, काका? सोमवारी शिवराक खातो, इतक्याच. संजनाक तर भूक सोसणाच नाय. तुझ्याचसाठी करता ती."

तो गेला. मला वाटायचं, त्यांच्या घरी होतंच, त्यातला एक वाटीभर माझा. इतके दिवस ती पोरगी माझ्या एकट्यासाठी रताळी उकडत होती, वरी शिजवत होती, आणि त्यापायी रात्री-अपरात्री फाट्यावर उभी राहत होती. आणि मी देव वाढवत होतो. उभ्या आयुष्यात मी एका फुकट्याला बसमध्ये राहू दिलं नाही, सरळ उतरवला. आता मीच तिकीट न काढता पुढच्या सीटवर बसलो होतो. फार वाईट वाटलं मला. आणि खरं सांगायचं तर त्याच्याबरोबर बरंही वाटलं. आपल्यासाठी कोणीतरी काहीतरी सोडत होतं. असं बरं वाटल्याचा मग आणखी राग आला.

सोमवारी ती आली. ताकाचा तांब्या आणि रताळ्याचे तुकडे, वर ओलं खोबरं. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते नवऱ्याकडून ऐकून तसंच करून आणलं होतं. मी दोन तुकडे खाल्ले. मग वाटी बाजूला ठेवली.

"संजना, आता सोमवारसुद्धा नको गे."

"कित्याक? डॉक्टरान दिलो मरे सोमवार."

"काल परत बोलावल्यान माका. रक्त तपासल्यान. म्हणता, एकय उपास चलायचो नाय. येळार जेवलाच पायजे. बाराक पान मांडूकच होया."

एवढं धडधडीत खोटं मी तिच्याशी दुसऱ्यांदा बोलत होतो. काल रविवार, दवाखाना बंद, हे तिच्या लक्षात आलं नाही म्हणून बरं.

"आणि काकीचो सोमवार?"

"तिचो तिणे पुरो केलो. माका कोणी सांगूक नव्हता."

ती म्हणाली, "उपास नसलो म्हणून काय झाला? मी तसाच कायतरी घेवन येयन. जेवण येयन घेवन."

तिनं हे म्हटलं आणि मला एकदम 'हो' म्हणावंसं वाटलं. जिभेवर आलं होतं. ये गे बाये, काही आणू नकोस, नुसती ये, बस, गतिरोधकावर कोण पडलं ते सांग. एवढं म्हटलं असतं तर ती आली असती. सकाळची पाळी सोडून आली असती, तिचा स्वभावच तसा. तेच नको होतं.

"नको," मी म्हटलं. "माका माझ्या हातचाच जेवण बरा. तुझ्या फराळात मीठ कमी आसता."

ती रागावल्यासारखं करून हसली. "इतके दिस खाताना बरा लागला?"

"उपासाक आळणीच बरा."

"मगे मी सकाळची पाळी घेतंय," ती सोप्यावरून उठत म्हणाली. बोलली माझ्याशी, पण डोळे कुठंतरी लांब होते, हिशेब करणारे, हलके झालेले. "गौरेश कधीचो म्हणता. घेव मां?"

"घे. कालच घेवक होयी होती."

पुढच्या सोमवारी कॅलेंडरावर बघायचं काही कारण नव्हतं. सकाळी पदेराकडून पाव घेतले, चहात बुडवून खाल्ले, गोळी घेतली. जगात कुठल्याच देवाचं आपल्याकडे काही येणं नाही, असा तो दिवस. अकराला तांदूळ धुतले. मुगाची आमटी केली, सत्यवती करायची तशी, पण तशी काही झाली नाही. शेंगा चिरताना स्वतःशीच बोलतोय हे लक्षात आलं, तर म्हटलं, बोलूया, इथं कोण ऐकतंय.

भात शिजत होता तेव्हा बाहेर हॉर्न वाजला. विमानतळाची पांढरी गाडी होती, खिडक्यांच्या काचा वर केलेल्या, आत गणवेशातल्या पोरी. नव्या पाळीचा पहिला दिवस म्हणून म्हणे पोरींना कागदपत्रं करून लवकर सोडलं होतं. संजना तिच्या दारात उतरली. निळ्या कोटात मी तिला ओळखलंच नाही आधी. चप्पल काढता काढता तिनं कुंपणावरून हाक मारली.

"काका, जेवलस मां येळार?"

भाताचं झाकण उडत होतं. मी दारात येऊन उभा राहिलो, हात धोतराला पुसले, आणि पोट भरलेल्या माणसानं हसावं तसा हसलो.

"जेवलंय गे. कधीच जेवलंय. तू जा, दमलस."

ती आत गेली. दार लागलं. मी गॅस बंद केला, एक पान मांडलं आणि वाढून घेतलं.