भैय्याजींची समई

पंचायतीच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कारखान्यांतून सुटलेली माणसं कंपनीच्या बसमधून उतरून थेट सभेत येत होती. ओट्यावर उंच पितळी समई, तिच्यामागे सरपंच भैय्याजींची खुर्ची. एक शेतकरी मागणी मांडत होता. बोलता बोलता ज्योत विझली.

"देवाले मंजूर नाही," भैय्याजी शांतपणे म्हणाले. शेतकऱ्याने हात जोडले आणि तो खाली बसला.

अकरा वर्षं आमच्या गावाचा कारभार असाच चालला. भैय्याजींविरुद्ध निवडणूक लढवायला कुणी उभंच राहत नसे.

मी गिरिधर, इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. समईवर माझा विश्वास नव्हता. भैय्याजींवर होता, हे कबूल करतो. त्यांनी दारूचा गुत्ता बंद केला, मुलींना कॉलेजला जायला बस आणली, बोअरवेल खोदून घरोघरी नळ दिला. एवढं भलं करणाऱ्याशी समईवरून कशाला वाद घालायचा, म्हणून मी गप्प होतो. एक मात्र खटकायचं. त्यांच्या स्वतःच्या सूचनेला ज्योत कधीच विझत नसे.

उपकेंद्रातली नर्स सुरुची माझ्यासारखी गप्प बसली नाही. पोरांच्या दातांवर तपकिरी डाग दिसू लागले, तेव्हा तिने नागपूरला पाणी तपासून घेतलं. बोअरवेलच्या पाण्यात असे डाग पाडणारं फ्लोराइड मर्यादेच्या तिप्पट निघालं. जुन्या विहिरीचं पाणी मात्र चांगलं होतं, आणि नेमकी तीच विहीर बुजवून भैय्याजी वाचनालय बांधणार होते. सुरुची दोन सभांत बोलायला उठली. दोन्ही वेळा दुसऱ्याच वाक्याला ज्योत गेली.

"सर, ज्योत विझायच्या आधी फुस्स असा आवाज येते," ती मला म्हणाली. "मी दिवसभर लोकायचं बीपी मोजतो. तो आवाज मले चांगला ओळखू येते."

तिसऱ्या सभेत ती कागद घेऊन सरळ ओट्यावर चढली. "भैय्याजी, गावच्या पोरायचा विषय आहे. तुम्ही उभं राहून ऐका."

भैय्याजी हलले नाहीत. समोरून म्हातारी अंजनाबाई ओरडली, "उठा ना गा! बाई उभी राहून बोलून राहिली, तुम्ही काहून बसले?"

लोक हसले. भैय्याजींना उठावं लागलं. सुरुचीने त्यांना दोन पावलं पुढे बोलावलं आणि अहवाल शेवटपर्यंत वाचला. ज्योत जळतच राहिली. मैदानात कुजबूज सुरू झाली.

मग तिने खुर्चीसमोरची सतरंजी उचलली. खाली बीपीच्या यंत्राचा रबरी फुगा होता. त्याची नळी सतरंजीखालून समईच्या पोकळ दांड्यात शिरली होती आणि वर वातीजवळ बारीक भोक होतं. सुरुचीने फुग्यावर पाय दिला. फुस्स! ज्योत गेली.

"आता देवाले काय नामंजूर झालं?" तिने विचारलं.

भैय्याजी भडकले. "मी तुमचं वाईट केलं का? विचारत बसलो असतो, तर नळासाठी दहा वर्षं भांडले असते तुम्ही! चांगल्या कामासाठीच केलं सारं."

यावर बरेच जण मान हलवू लागले. खरं सांगतो, माझीही हलली असती.

"काम चांगलं केलं," सुरुची म्हणाली. "पण बोअरवेल चुकली, हे तुम्हाले सांगणार कोण? मी दोनदा सांगाले उठली, अन् दोनदा तुम्ही फुगा दाबला."

"माह्या नातीचे दात पाहा गा एकडाव," अंजनाबाई म्हणाली.

भैय्याजींनी अहवाल हातात घेतला. बराच वेळ वाचत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "मले वाटलं, ही बाई राजकारण करून राहिली."

मला त्या माणसाची भीती वाटली नव्हती. त्या वाक्याची वाटली. विरोध करणारा प्रत्येक जण त्यांना असाच दिसत आला असणार. आणि मी, विज्ञानाचा मास्तर, अकरा वर्षं सतरंजी उचलायला गेलो नाही.

विहीर वाचली. ती उपसून, साफ करून तिच्यावर पंप बसवला. नळाचं पाणी आता फक्त धुण्याभांड्याला वापरतात. डाग पडलेले दात मात्र तसेच राहिले.

म्हणून वाचकांना एवढंच सांगतो: राज्य करणारा कितीही शहाणा, कितीही भला असो, त्याला प्रश्न विचारायची सोय आहे का, ते आधी तपासा. नसेल, तर त्याचा शहाणपणा खरा की खोटा, हे तुम्हालाही कळणार नाही आणि त्यालाही.

पुढची सभा तीन तास चालली. वाचनालय शाळेमागे बांधावं, असं मी सुचवलं. हात वर करून मतं घेतली. माझी सूचना सत्तावीस मतांनी पडली.