टेकडीवरचा फोन

आमच्या शेतात रेंज नाही. वायफायचा डबा आहे, पण तो चालला तर चालला, नाहीतर दोन-दोन दिवस लाल डोळा वटारून बसतो. म्हणून रोज संध्याकाळी सहाला मी मागच्या टेकडीवर चढायचो आणि शहरातल्या लेकीला फोन लावायचो. पाऊस किती, वारा कुठला, पानं ओली होती का. त्यावरून ती बागेची फवारणी ठरवायची. शिकलीय ती त्यातलं. दोन मिनिटांत हवामान संपायचं, मग अर्धा तास गप्पा. तिची आई गेल्यापासून दिवसभरात मी तेवढंच बोलायचो.

गुडघा दुखतो, असं एकदा तोंडून निघून गेलं आणि घात झाला.

"बाबा, वेदर स्टेशनच बसवू," ती म्हणाली. तीन यंत्रं निवडून काढली तिनं. पहिलं वायफायवर चालणारं; ते दोघांनीही लगेच बाद केलं. दुसरं साधं, घरातल्या पडद्यावर आकडे दाखवणारं. तिसरं आकडे साठवून ठेवणारं आणि टेकडीवर बसवायच्या पेटीतून, रेंज मिळेल तसे, आपणहून तिला धाडणारं.

"दुसरं घे," मी म्हटलं. "मी वाचून सांगत जाईन."

"अहो बाबा, तुमची टेकडीच तर चुकवायचीय ना!"

नको गं चुकवूस, असं म्हणायचं होतं. पण मेला माझा स्वभाव! "कर तुला काय करायचं ते," असं तोडून बोललो. तिसरं आलं.

पहिल्या संध्याकाळी सवयीनं चढलो. "बारा मिलिमीटर झाला गं."

"हो बाबा, दिसलं मला. आता उगाच चढू नका हं."

"बरं," म्हटलं. फोन ठेवला. नंतर वायफाय आलं की तिचा एखादा निरोप पडायचा, 'सगळं ठीक ना?' कामाशिवाय फोन करून काय सांगू लेकीला, मला करमत नाही म्हणून? जीभ झडली असती माझी.

तीन आठवडे कसेबसे काढले. मग पेटी उघडली आणि बॅटरी काढून खिशात घातली. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? सहाला फोन केला.

"बरं झालं केलात बाबा, यंत्र बंद दाखवतंय!" त्या दिवशी चाळीस मिनिटं बोलली पोर. दुसऱ्या दिवशीही बोलली.

तिसऱ्या दिवशी तिनं धाडलेला मेकॅनिक आला. "काका, बॅटरी कुठंय?"

"कावळ्यानं नेली."

झाकणाचे चारही स्क्रू मी डबीत घालून शेजारी ठेवले होते. "फारच टापटिपीचा कावळा दिसतोय," तो म्हणाला.

मग मी बॅटरी त्याच्या हातावर ठेवली आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. परक्या माणसाला! "लेकीला कळू देऊ नकोस रे," म्हटलं.

भला माणूस. माझ्यासमोरच फोन लावला. "ताई, काकांचा काही दोष नाही. पाखरांनी उचकटलं होतं." पलीकडून ती काहीतरी बोलली. तो नुसता "हो ताई, हो" म्हणत राहिला, आणि माझ्याकडे बघेना.

फोन ठेवून त्यानं पिशवीतून कुलूप काढलं, पेटीला लावलं.

"किल्ली ताईंकडे पाठवायचीय," तो हळूच म्हणाला. "म्हणाल्या, बाबांना परत चढायला लागू नये."

"जपते हो पोर मला," मी म्हटलं, आणि तिथंच बसून हमसाहमशी रडलो.