मैनेचा धवला

"नवरीचं नाव काय घेऊ?" ठमाबाईनं तिसऱ्यांदा विचारलं.

भाविकानं कागदातून मान वर केली नाही. "मावशी, कुठलंही घ्या. कार्यक्रम आहे, लग्न थोडंच आहे?"

"मंग तुजं घेतू?"

"घ्या की! आई नारळ फोडेल."

"हसू नको, बाय. मांडव न्हाय, हलद न्हाय, अन् जित्या पोरीचं नाव घेऊन धवला गायला, तं तिचं लगीन अडतं."

ठमाबाई कशेळीची धवलारीण, लग्नातली धवल्याची गाणी म्हणणारी. आगऱ्यांच्या घरात तिनं गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. एरवी ती खाडीकाठच्या या रिसॉर्टवर झाडलोट करी. रविवारी मुंबईच्या मोटारींनी आवार भरायचं, ते दिवस गेले. रंगाच्या कारखान्यांच्या पाण्यानं खाडी काळी पडली, भोवती गोदामं उठली, रिसॉर्टला टाळं लागलं. पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत ठमाबाई तेवढी राहिली.

दोन हजार सात साली तिथं कलाकेंद्र आलं. पोहण्याच्या कोरड्या तलावाचंच नाट्यगृह झालं. उथळ बाजूला बसायच्या पायऱ्या, खोल बाजूला रंगमंच. ठमाबाईची खोली कलाकारांना कपडे बदलायला हवी होती. केंद्राची व्यवस्था बघणाऱ्या भाविकानंच मालकांकडे रदबदली केली : बाई दर शनिवारी गातील, खोली त्यांच्याकडे राहू द्या.

"नाही गायलात तर मला काही करता येणार नाही, मावशी," भाविका हळूच म्हणाली.

ठमाबाईनं रंगमंचाकडे पाहिलं. "गाईन," ती म्हणाली.

संध्याकाळी पायऱ्या भरल्या. पिवळं लुगडं नेसून, पदरात अक्षता बांधून ठमाबाई खाली उतरली. माईक बाजूला सारून तिनं सूर लावला :

"मांडवाच्या दारी हलद आली गो,
मैना माजी पाटावं बसली गो..."

सूर कुठंही ढळला नाही. मैना तिची लेक. सोळा वर्षांपूर्वी तलाव रिकामा करून दोघी शेवाळ घासत होत्या. मैनेचा पाय सरकला, आणि खोल बाजूच्या फरशीवर डोकं आपटलं; ती तिथंच गेली. हळदीला आठ दिवस राहिले होते. "जिवंत आहेस तोवर राहा," असं म्हणून तेव्हाच्या मालकानं ती खोली दिली होती, तोंडी.

तिनं हळद गायली, तेल गायलं, पाठवणीही गायली. शेवटी पदराची गाठ सोडून पायाशी, त्याच फरशीवर अक्षता टाकल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

भाविका धावत आली. "मावशी, कमाल! पुढच्या शनिवारी हेच, असंच!"

"न्हाय, बाय. लगीन येकदाच लागतं."

"अहो, पण खोली?"

ठमाबाईनं कमरेची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. "पोरीसाठी बसलू होतू इथं. पोर गेली सासरी."

"आणि तुम्ही? तुम्ही कुठं जाणार?"

उथळ बाजूच्या पायऱ्या एकेक करून चढत ठमाबाई गोदामांच्या रस्त्याला लागली.

सकाळी झाडायला आलेल्या बाईनं रंगमंचावरचे पिवळे तांदूळ सुपलीत भरले आणि कचऱ्यात टाकले.