पाद्री थॉर्नबींची चिकटलेली पानं

मी वासराच्या कातड्यात बांधलेली एक वही बोलतेय. जन्म इंग्लंडातला, वय पावणेचारशेच्या पुढे, आणि मुक्काम आता जपानमधल्या त्सुकुबा शहरातल्या एका ग्रंथालयात.

माझे धनी निकोलस थॉर्नबी. ॲशकोम गावाचे पाद्री, आणि वडिलार्जित दोनशे एकरांचे मालकही. रोज न्याहारीआधी ते माझ्यात लिहीत: रविवारच्या प्रवचनाचे मुद्दे, किती कोकरं जन्मली, गावात कोण आजारी आहे. शिंक आली की मला लांब धरीत, एवढी माझी काळजी.

आजूबाजूच्या जमीनदारांनी गावांची गायरानं कुंपणात घेतली, तेव्हा धन्यांनाही मोह झाला. माझ्या पहिल्या चाळीस पानांत तेच बेत आहेत. त्यांनी खांब रोवले, मेंढ्या आत सोडल्या.

एका रविवारी त्यांनी बायबलातल्या, मेंढरांसाठी जीव देणाऱ्या चांगल्या मेंढपाळावर प्रवचन दिलं. चर्च सुटल्यावर जोन पेल नावाची विधवा दारात थांबली. तिची एकुलती एक गाय त्याच गायरानावर चरायची. आवाज न चढवता ती म्हणाली, "मेंढपाळ तुम्ही, हे कळलं. माझ्या गाईनं आता जायचं कुठे?"

मी धन्यांच्या काखेत होते. ते मला घेऊन तडक घरी गेले.

अकरा दिवस त्यांनी मला उघडलंच नाही. बाराव्या दिवशी बसले तेव्हा तळहाताला फोड होते. त्यांनी लिहिलं, 'जे माझं नव्हतं ते घेतलं होतं. आज खांब उपटले.' पुढच्या पानांवर जोनच्या गाईला वासरू झाल्याचीही नोंद आहे.

मग राजा आणि संसद यांच्यात युद्ध झालं, राजा हरला. नव्या सत्तेनं जुन्या प्रार्थना बंद करायला सांगितल्या. धन्यांनी ऐकलं नाही, तेव्हा चर्च गेलं, घर गेलं, जमीनही जप्त झाली. त्यांना ठेवून घेतलं जोननं, गोठ्याशेजारच्या खोलीत. तिथे ते सहा वर्षं राहिले. सकाळी गावातल्या पोरांना वाचायला शिकवायचे, दुपारी गाय चारून आणायचे. इतके निवांत मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

एकदा बंदी घातलेलं लिखाण शोधायला शिपाई झडतीला आले. जोननं मला ओल्या पेंढ्याखाली दडपलं. मी वाचले, पण माझी मधली पानं एकमेकींना घट्ट चिकटली. पुन्हा राजाचं राज्य आल्यावर धन्यांना सगळं परत मिळालं. उरलेल्या पानांवर त्यांनी फक्त प्रवचनं लिहिली, आणि म्हातारे होऊन शांतपणे गेले.

पुढे मी बऱ्याच कपाटांत राहिले. शेवटी त्सुकुबाच्या एका प्राध्यापकांनी लंडनला मला विकत घेतलं आणि निवृत्त होताना ग्रंथालयाला दिलं. लोक पहिली चाळीस पानं वाचत. मधली उघडत नसत. सूचीत नोंद झाली: 'गायरान बळकावणारा जमीनदार पाद्री.' मला ती फार लागली. पण मिटलेल्या वहीचं कोण ऐकणार?

गेल्या वर्षी मी कौमुदीच्या टेबलावर आले. ती पुण्याची. नवऱ्याच्या, अंबरीषच्या, संशोधनाच्या नोकरीमुळे इथे आली आणि जुने कागद दुरुस्त करायला शिकली. तीन आठवडे ती मला बेताची ओल देत एकेक पान सोडवत होती. श्वाससुद्धा जपून घ्यायची.

त्या बाराव्या दिवसाचं पान उलगडलं तेव्हा तिनं अंबरीषला फोन लावला. म्हणाली, "अरे, आपल्या पाद्र्यानं कुंपण काढलं होतं. स्वतःच्या हातानं."

ग्रंथालयाचे प्रमुख मोरी-सान आले. कौमुदीनं ओळीवर बोट धरून अर्थ सांगितला. त्यांनी चष्मा पुसून ती पुन्हा पाहिली.

"आपली नोंद चुकली," ते म्हणाले, आणि माझ्यापुढे हलकेच वाकले.

त्याच दुपारी नवी नोंद झाली: 'पाद्री आणि जमीनदार. गायरानाला कुंपण घातलं, स्वतःच काढलं.'

मी इथे सुखात आहे. हवा कोरडी, उजेड बेताचा, शेजारीपाजारी सगळे वयस्कर. तुम्ही कधी आलात तर हात पुसून या, सावकाश बसा. फक्त पहिली चाळीस पानं वाचून उठू नका.