कातड्याचं जाकीट

नाशिकची थंडी आता तशी राहिली नाही. १९७९च्या पौषात मात्र ओझर-पिंपळगावकडे द्राक्षबागा वाचवायला लोक पहाटेपासून बांधावर शेकोट्या पेटवत. आग्रा रोडवर तो धूर इतका साचे की गाडीच्या दिव्याचा उजेड हातभरही पुढे जात नसे. त्या धुरातून आमचे हे मालेगावला जायचे.

सावळीराम त्यांचं नाव. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका पेढीत नोकरी. मालेगावच्या यंत्रमागांना लागणारे धोटे, पट्टे, स्प्रिंगा मागवाल्यांना विकायच्या. पेढीच्या दोन राजदूत मोटारसायकली होत्या. एक हे चालवत, दुसरी गोरक्ष. कोणती कुणाची असं ठरलेलं नव्हतं. सकाळी जी किल्ली हाताला लागेल ती घ्यायची. गोरक्ष यांचा बालमित्र, आमच्याच वसाहतीतला, मला वहिनी म्हणायचा.

दिवाळीनंतर गोरक्ष वडाळीभोईजवळ खडीवरून घसरला. टेरिलीनच्या शर्टाची बाही रस्त्यानेच खाल्ली आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात सोलवटला. तो बघून आल्यावर हे जेवले नाहीत. म्हणाले, "सुमन, मी चामड्याचं जाकीट घेणार. देवळाली कॅम्पात जुनी मिळतात, लष्करातली."

मी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे आबा होते.

आबा म्हणजे माझे सासरे, पुंजाराम. मूळचे सायखेड्याचे. लहानपणी वडिलांबरोबर त्यांनी गावातली मेलेली जनावरं ओढली होती, गोदेकाठी नेऊन सोलली होती. छप्पन साली धम्म घेतला आणि ते काम सोडलं. पुढच्याच महिन्यात एकाचा बैल मेला, बोलावणं आलं, आबा दारात उभे राहून नाही म्हणाले. त्यापायी मार खाल्ला, पाणी तुटलं, शेवटी गाव सुटलं. तेव्हापासून आमच्या घरात कातडं नव्हतं. कमरेचा पट्टा कापडी, चपला रबरी, पाकीट नाहीच. शेजारच्या मालनबाई थट्टा करायच्या, "आबा, तुमच्या अंगावरचं तेवढं राहिलं की!" आबा म्हणायचे, "ते जाताना हितंच टाकून जाईन. तू ने ओढून."

पण त्या संध्याकाळी ते हसले नाहीत.

"सावळ्या, काय म्हनलास? पुन्हा म्हन."

"आबा, मी जनावर ओढणार नाही की सोलणार नाही. विकत आणून अंगात घालणार. साहेबलोक घालतात."

"साहेबाच्या बापानं नाय ओढलेलं. माझ्या बापानं ओढलंय. त्याच्या खांद्याचा वास मरेस्तोवर गेला नाय."

"कापड रस्त्यावर घासलं की संपतं, आबा. मग त्याच्याखाली माझंच कातडं उरतं."

"मग सावकाश चालव!"

"मी सावकाशच चालवतो. ट्रकवाले चालवतात का?"

आबा उठून उंबऱ्यात जाऊन बसले. पाठमोरेच बोलले, "ह्या उंबऱ्याच्या आत ते येनार नाय. आलं तर मी भायेर."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनचं झाकण काढलं. दुसरं काय करणार होते? बाहेरून खाकी ताडपत्रीचं कापड, आत जुनं ब्लँकेट, कोपरांवर आणि खांद्यांवर दुहेरी पट्ट्या. चार सुया मोडल्या. आबा शेजारी बसून दोरा ओवून देत होते. जाकीट घालून हे अंगणात उभे राहिले तर गोरक्ष म्हणाला, "वहिनी, जाकीट मागितलं होतं, तंबू शिवून दिलात!" सगळे हसले, हेही हसले. आबांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वारा शिरनार नाय. लय मजबूत हाय."

पौष उजाडला. हे रोज सकाळी तेच जाकीट घालून निघत आणि संध्याकाळी तेच घालून परत येत. मी दर रविवारी ते झटकायला घेई. एवढा धुराळा, एवढा शेकोट्यांचा धूर, तरी त्यातून काही पडत नसे. हातरुमाल काळा व्हायचा, कॉलर काळी व्हायची, जाकिटाची घडी मात्र जशीच्या तशी. ताडपत्रीवर धूळ ठरत नसेल असं मला वाटलं. तरी एकदा ते नाकाशी धरून मी बराच वेळ तशीच उभी राहिले होते. कशाचाच वास नव्हता. यांच्या अंगाचासुद्धा.

मग तो मंगळवार आला. ऊन जरा वर आलं होतं. पेढीतले कारकून धोंडीराम सायकल लोटत अंगणात आले. घामाने डबडबलेले.

"आबा, चांदवडहून पोलिसांचा फोन होता. राहूड घाटात आपली एक गाडी ट्रकखाली आली. माणूस बेशुद्ध आहे. आज दोघंही त्याच रस्त्याला गेलेत आणि कोण कुठली गाडी घेऊन गेलं ते मी पाहिलं नाही. नंबर सांगेपर्यंत फोन तुटला."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. आबांनी विचारलं, "तोंड कसं हाय म्हनले?"

"तोंड ओळखू येत नाही म्हणाले. एवढंच कळलं, अंगात काळं चामड्याचं जाकीट आहे."

आबांनी एवढा मोठा श्वास सोडला की तो मला ऐकू आला.

"मग आमचा नाय," ते म्हणाले. "आमच्या सावळ्याच्या अंगात खाकी कापडी हाय. माझ्यासमोर घालून गेला. आमच्या घरात कातडं येत नाय, ठावं हाय ना तुमाला? गोरक्षाच्या घरी जा. बिचाऱ्याचा आधीच हात सोलला होता, त्यानंच घेतलं असंल."

धोंडीराम माझ्याकडे वळले. मीही मान हलवली. बटणं मीच लावून दिली होती.

ते गोरक्षाच्या घरी गेले. थोड्या वेळाने लताबाईची किंकाळी गल्लीभर ऐकू आली. तिला आणि तिच्या दिराला घेऊन धोंडीराम एसटी स्टँडवर गेले. आबा अंगणात येरझारा घालत होते. "पोर चांगला व्हता," म्हणत होते. मी चूल पेटवली. त्या घरी आता कोण रांधणार, म्हणून भाकरी थापायला घेतल्या. पीठ मळताना मला रडू येत होतं आणि आतून हलकंही वाटत होतं.

भाकरी तव्यावर असताना दारात राजदूत थांबली. मला वाटलं, हे आले.

गोरक्ष आत आला. अंगात निळा स्वेटर, बाहीखालून मनगटावरचा जुना व्रण दिसत होता.

"वहिनी, माझ्या घराला कुलूप कसं? लता कुठंय? मी पिंपळगावातच अडकलो, क्लच गेला होता..." माझ्या तोंडाकडे बघून तो थांबला. "काय झालं?"

आबा चौकटीला धरून उभे होते. त्यांनी विचारलं, "गोरक्षा, तुझं कातड्याचं जाकीट कुठं हाय?"

"माझं? माझ्याकडे कुठलं, आबा?" आणि मग त्याचा चेहरा उतरला. "सावळीरामचं आहे. द्वारकेला पंक्चरवाल्याकडे ठेवतो. जाताना बदलतो, येताना बदलतो. तुमचं मन मोडायला नको म्हणाला."

तव्यावरची भाकरी जळाली. ती कुणी उतरवली नाही.

गोरक्षने भाड्याची गाडी आणली. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. आबा पुढे बसले होते. घाटाजवळच्या एका लहान दवाखान्यात यांना ठेवलं होतं. बाहेर लताबाई पायरीवर एकटीच बसली होती; धोंडीराम आणि तिचा दीर आम्हाला निरोप धाडायला फोन शोधत गेले होते. गोरक्षला बघून ती आधी उठली, मग मला पाहिलं आणि पुन्हा खाली बसली. डॉक्टर म्हणाले, "पाठ, हात, कुठे खरचटलेलं नाही. पण पोटात रक्तस्राव आहे. घरचं कुणी लवकर आलं असतं तर तेव्हाच नाशिकला हलवलं असतं. या बाई आल्या, पण त्या म्हणाल्या हा आमचा नव्हे."

हे शुद्धीवर आले होते. पट्ट्यांमधून एक डोळा उघडा होता. तो माझ्यावर आला, मग आबांवर गेला. जाकीट अजून अंगातच होतं, नुसत्या गुंड्या सोडलेल्या. आबांना पाहताच हे उजव्या हाताने चादर गळ्यापर्यंत ओढायला लागले. ओढवेना. बोटं त्या काळ्या कातड्यावरून घसरत होती.

आबा खाटेशी गेले. त्यांनी यांचा हात धरून बाजूला ठेवला आणि जाकीट छातीवर नीट ओढून गुंड्या लावल्या, खालून वर, एकेक.

"ऱ्हाऊ दे अंगात," म्हणाले. "गार हाय भायेर."

गाडीत मागे आम्ही दोघं यांना मांडीवर घेऊन बसलो. डोकं माझ्याकडे, पाय आबांकडे. वडाळीभोईच्या जरा पुढे यांनी एकदा श्वास घेतला आणि पुढचा घेतला नाही. आबांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. ते एका हाताने जाकिटावरून, पोटावरून हळूहळू हात फिरवत सांगत होते की नाशिकला मोठे डॉक्टर आहेत, आठ दिवसांत उठून बसशील, आणि मग मी स्वतः देवळालीला येईन, ह्याची एक गुंडी ढिली झालीय, तसलीच गुंडी बघू.

मी यांच्या डोळ्यावर पदर धरला. ओझर येईपर्यंत मी आबांना बोलू दिलं.