चार बोटं कापड

"हा ताणा संपला की जा," असं मधुकररावांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तृप्तीनं ते खरं मानलं. आता बोला! नागपूरहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली पोर, जन्म मोहाडीच्या विणकराच्या घरातला, आणि एवढं तिला कळू नये? ताणा कधी संपत नसतो. मागावरच्या उभ्या धाग्यांची शेवटची वीत उरली की त्यांच्या टोकांना नव्या ताण्याची टोकं एकेक करून सांधतात. माग एकदा रिकामा झाला की फणीतून हजारो धागे पुन्हा ओवत बसा चार दिवस. म्हणून कोणी तो रिकामा होऊच देत नाही.

पोळ्याच्या आधी मधुकरराव लाखनीच्या रस्त्यावर सायकलवरून पडले आणि उजवं मनगट मोडून बसले. आई दोन वर्षांपूर्वीच गेलेली, घरात बापलेक दोघंच. तृप्ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली ती बसलीच. विश्व कसं घडलं, कसं पसरलं, यावर संशोधन करायला पुण्याच्या एका संस्थेनं तिला निवडलं होतं. हजर व्हायची तारीख तिनं दोनदा पुढं ढकलून घेतली. आता येता सोमवार शेवटचा, मग जागा दुसऱ्याची. प्लास्टर निघून महिना झाला, तरी मधुकररावांना उजव्या हातानं चहाचा कप उचलत नव्हता. "जीवच नाही वो हातात," म्हणायचे, आणि ती पुन्हा मागावर बसायची.

गुरुवारी दुपारी आडव्या धाग्याचा धोटा फेकता फेकता तिनं विषय काढलाच.

"बाबा, सोमवारी मले जा लागते."

"कायले?" मधुकररावांनी मान वर केली. "तूच त सांगतलं होतं ना, या विश्वाले मधोमध असं काही नाही म्हणून. कुठूनबी पाहा, सगळं आपल्यापासूनच दूर जाऊन राहिलं दिसते. मंग मोहाडीनं काय घोडं मारलं? इथूनच पाह्य ना."

शिकवलं होतं तिनंच. दीर्घिकांचा नकाशा मोबाइलवर दाखवला होता, नुसती तंतूंची जाळी आणि मध्ये भल्यामोठ्या पोकळ्या. "कोनं विनलं हे? एवढी भोकं! यापारी हात नाही लावनार," असं ते म्हणाले आणि दोघं पोट धरून हसले होते. त्याच शहाणपणात आता ती पुरती अडकली होती. पुणं जागचं हललं नव्हतं, ती हलली नव्हती, आणि मधलं अंतर रोज वाढत होतं. तिला रडावंसं वाटलं.

रागारागात तिनं विणलेलं कापड पुढं गुंडाळायला घेतलं आणि थबकली. खिडकीतलं ऊन कोसा रेशमावर पडलं होतं. काल ती बाजारात गेली तिथवरचं कापड तिचं, आल्यानंतरचंही तिचं, पण मधलं चार बोटं तिचं नव्हतं. विणीवर बसणारा फणीचा ठोका ज्याचा त्याचा असतो. तिचा जरा सैल, हा घट्ट, एकसारखा. लहानपणापासून याच ठोक्यावर तिला झोप लागत आली होती. डाव्या हातानं असा ठोका बसत नाही.

खोटारडे! शब्द अगदी ओठांवर आला. बाबा समोरच बसले होते, मांडीवर नव्या ताण्याचं भेंडोळं घेऊन, शेवटची वीत येण्याची वाट पाहत. त्यांनी तिची नजर पाहिली, आणि ती कशावर खिळलीय तेही पाहिलं.

"माग थांबला की घर कसं होते, तुले नाही मालूम," ते हळूच म्हणाले. "तुही आई गेली, तिसऱ्या दिवशी मी सांधाले बसलो होतो."

तिचा राग गेला नाही, पण डोळे भरून आले. तिनं धोटा खाली ठेवला.

"बाबा, पायाले मुंग्या आल्या. उठता नाही येत. हात द्या."

त्यांनी डावा पुढं केला.

"तो नाही."

मधुकररावांनी त्या चार बोटं कापडाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. मग भेंडोळं मांडीवरून बाजूला ठेवलं, उजवा हात पुढं केला, तिचं मनगट घट्ट धरलं आणि एका झटक्यात तिला खड्ड्यातून वर ओढलं.

ती लटपटली. हात त्यांनी सोडला नाही.

"थांब," ते म्हणाले, "पाय मोकळे होऊ दे. मंग बॅग भर."